आयस्कझी टार्गेट लिहिताना: डेटा कुठे संपतो, स्टेटस कुठे सुरू होतो (प्रकल्प नोंदी)

काम असे: पायथनमध्ये एक छोटा आयस्कझी टार्गेट लिहायचा. आयस्कझी म्हणजे डिस्कच्या स्कझी कमांड टीसीपीवरून नेणारा प्रोटोकॉल; टार्गेट म्हणजे त्यातली डिस्क देणारी बाजू. ६४ एमबीची एक इमेज फाइल लन ० (टार्गेटवरची पहिली डिस्क) म्हणून दाखवायची आणि दुसऱ्या यंत्रावरच्या लिनक्सने ती साधी डिस्क समजून वापरायची. इनिशिएटर, म्हणजे कमांड पाठवणारी बाजू, म्हणून ओपन-आयस्कझी, मध्ये टीसीपी पोर्ट ३२६०, जाणारे-येणारे बाइट पाहायला वायरशार्क. दोन व्हर्च्युअल मशीन्समध्ये सगळे भागले, त्यामुळे पैशांचा खर्च नाही. खर्च झाला तो वेळेचा, आणि कुठे झाला ते खाली आहे.

लिनक्सच्या कर्नेलमध्ये तयार टार्गेट आहे, तो उत्तम चालतो. रोजच्या वापरासाठी तोच घ्यावा. मला समजून घ्यायची होती उत्तराची बाजू. वाचलेला डेटा टार्गेट कसा बांधून पाठवतो, काम झाले की बिघडले हे कसे कळवतो, आणि या दोन गोष्टी कधी एकाच पीडीयूमधून, म्हणजे आयस्कझीच्या एका संदेशातून, जातात, हे तीन प्रश्न. हाताशी आयस्कझीचे नियम सांगणारा आरएफसी ७१४३ होता, म्हणजे एप्रिल २०१४चा; आंतरजालावरची बरीच उदाहरणे अजून २००४च्या आरएफसी ३७२० वरची आहेत.

खाली बाइटची मोजणी शून्यापासून आहे आणि 'हेक्स' लिहिलेले आकडे सोळाच्या पायातले आहेत.

३ जानेवारी: हेडर

प्रत्येक पीडीयूच्या सुरुवातीला ४८ बाइटचा हेडर असतो. बाइट ० मध्ये ऑपकोड, बाइट ४ मध्ये जास्तीच्या हेडरची लांबी चार-चार बाइटच्या शब्दांत, बाइट ५ ते ७ मध्ये डेटा सेगमेंटची लांबी, १६ ते १९ मध्ये इनिशिएटर टास्क टॅग. हा टॅग जपायचा. उत्तर कोणत्या कमांडचे आहे ते इनिशिएटर त्यावरूनच ओळखतो.

डेटा सेगमेंट चारच्या पटीत भरून पाठवायचा, पण लांबीच्या रकान्यात भरावाचे बाइट मोजायचे नाहीत. वाचणाऱ्या बाजूने मात्र भरावासकट वाचायचे. हे एकाच फंक्शनमध्ये ठेवले आणि बाकी कोडला भरावाची माहितीच होऊ दिली नाही. पुढे यावर एकदाही परत यावे लागले नाही.

४ जानेवारी: लॉगिन

वायरवर पहिला बाइट हेक्स ४३ दिसतो. लॉगिन रिक्वेस्टचा ऑपकोड ०३, त्यावर तातडीचा बिट. उत्तर हेक्स २३. किल्ली आणि किंमत अशा जोड्या येतात, प्रत्येक जोडी शून्य बाइटने संपते. शेवटच्या उत्तरात सेशनची ओळख, म्हणजे टीएसआयएच, शून्य ठेवायची नाही.

लॉगिनमध्ये एक गोष्ट मात्र पुढच्या सगळ्या कामाला पुरते. मॅक्सरिसीव्हडेटासेगमेंटलेंग्थ ही किंमत दोघांनी मिळून ठरवायची नसते. मी किती मोठा डेटा सेगमेंट घेऊ शकतो हे प्रत्येक बाजू स्वतःपुरते जाहीर करते. कोणी काही न सांगितल्यास ८१९२ बाइट. मला डेटा-इन किती मोठे पाठवता येतील हे इनिशिएटरने सांगितलेल्या आकड्यावर ठरते. ओपन-आयस्कझी मुळात २,६२,१४४ सांगतो. मी त्याच्या सेटिंगमध्ये मुद्दाम ८१९२ केले, कारण डेटाचे तुकडे पडल्याशिवाय यातले काहीच दिसणार नाही. असे काही लिहायला घेणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करावे.

१० जानेवारी: पहिले उत्तर

कमांड आली की दोन प्रकारची उत्तरे जातात. डेटा-इन, ऑपकोड हेक्स २५, यात वाचलेला डेटा. स्कझी रिस्पॉन्स, ऑपकोड हेक्स २१, यात निकाल. (डिस्कचा आकार विचारणाऱ्या स्कझीच्या रीड कपॅसिटी कमांडचा ऑपकोडही हेक्स २५ आहे. लॉग चाळताना दोन्ही एकाच ओळीत येतात, म्हणून लॉगमध्ये आकड्याऐवजी नावे छापायला लागलो.)

शेवटच्या डेटा-इनवरच निकाल बसवून वेगळा रिस्पॉन्स वाचवता येतो. तिथे बाइट १ मध्ये एस बिट असतो. पण सुरुवातीला हा रस्ता बंद ठेवला. प्रत्येक कमांडला, अगदी वाचनालाही, आधी डेटा-इन आणि मग वेगळा रिस्पॉन्स. हा निर्णय मला अजूनही बरोबर वाटतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या असल्या की कोणता रकाना कोणाचा हे डोळ्यांनी दिसते.

इन्क्वायरीला, म्हणजे 'तू कोणते यंत्र' या कमांडला, ३६ बाइटचे उत्तर गेले. लिनक्सने ते स्वीकारले आणि लगेच रिपोर्ट लन्स, म्हणजे लनची यादी, विचारले.

११ जानेवारी: उरलेल्या बाइटांचा हिशेब

रिपोर्ट लन्समध्ये लिनक्स ४०९६ बाइटची जागा देतो. माझ्याकडे एकच लन, म्हणून उत्तर १६ बाइट: आठचा हेडर आणि आठचा लन. ४०८० बाइट कमी गेले, ते सांगायला हवे. फ्लॅग बाइटमध्ये यू बिट, म्हणजे हेक्स ०२, आणि बाइट ४४ ते ४७ मध्ये ४०८०. बिट नसेल तर त्या रकान्यात काहीही असले तरी त्याला अर्थ नाही.

इथवर सोपे. घोळ ओव्हरफ्लोने केला. इन्क्वायरीचे उत्तर मी ९६ बाइटचे केले होते, लिनक्सने पहिल्यांदा ३६च मागितले. कोडने ९६ मधून ३६ वजा केले आणि ओ बिट लावून ६० लिहून पाठवले. वायरशार्कमध्ये ते दिसले तेव्हा चुकीचे वाटले नाही: माझ्याकडे जास्त आहे, त्याला कमी हवे, मग ओव्हरफ्लो. पण तसे नाही.

इथे तीन वेगळ्या लांब्या आहेत. टार्गेटकडे असलेला डेटा ही पहिली. सीडीबीमधली (स्कझी कमांडच्या बाइटांमधली) अलोकेशन लेंग्थ ही दुसरी; ती स्कझी कमांडचा भाग आहे आणि तिच्यापाशी डेटा कापणे हा कमांडचा नेहमीचा, बिनतक्रार निकाल आहे. तिसरी आयस्कझी हेडरच्या बाइट २० ते २३ मधली अपेक्षित ट्रान्सफर लांबी. रेसिड्युअलचा, म्हणजे कमी-जास्त राहिलेल्या बाइटांचा, हिशेब फक्त या तिसरीशी. आधी डेटा अलोकेशन लेंग्थपाशी कापायचा, मग जे उरले त्याची तुलना अपेक्षित लांबीशी करायची. कमी पडले तर यू, जास्त झाले तर ओ.

म्हणजे ९६ बाइट, अलोकेशन ३६, अपेक्षित ३६ असेल तर रेसिड्युअल काहीच नाही. ९६ बाइट, अलोकेशन २५५, अपेक्षित ३६ असेल तरच ओ बिट आणि ६०. दुसरी आणि तिसरी लांबी बहुतेक वेळा सारखीच येते, म्हणून चुकीचा हिशेबही बरेच दिवस चालून जातो. दुसरा प्रसंग तयार करायला मी हाताने पीडीयू बांधणारी छोटी चाचणी लिहिली. तोच कोड पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडला.

१७ जानेवारी: सेन्स डेटा आणि दोन बाइट

डिस्क दिसली, पण जोडताना कर्नेल लॉगमध्ये चुका. यात एकावर एक दोन गोष्टी होत्या, त्या सोडवायला सगळी दुपार गेली.

पहिली गोष्ट: रीड कपॅसिटीला ब्लॉकची संख्या नको असते, शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक हवा असतो. ६४ एमबीत ५१२ बाइटचे १,३१,०७२ ब्लॉक, म्हणून उत्तर १,३१,०७१. मी संख्या पाठवली होती. डिस्क जोडली की जुन्या रेडच्या (डिस्कसमूहाच्या) किंवा विभाजन-तक्त्याच्या खुणा शोधायला तिचा शेवटचा भाग वाचला जातो. त्या वाचनाने नसलेला ब्लॉक मागितला. टार्गेटने योग्य तेच केले, चेक कंडिशन, म्हणजे 'चूक झाली' हा निकाल, दिला आणि सोबत सेन्स, म्हणजे चुकीचे कारण सांगणारा डेटा: सेन्स की ०५, कारण २१/००, म्हणजे पत्ता हद्दीबाहेर.

खरी मेख या चेक कंडिशनमध्ये होती. कर्नेल म्हणत होता की चेक कंडिशन मिळाली पण डेटा बफरचा आकार १८ हा अवैध आहे. आणि १८ तर अगदी बरोबर होते! ठरावीक साच्यातला सेन्स डेटा १८ बाइटचाच असतो.

उत्तर रिस्पॉन्सच्या डेटा सेगमेंटच्या मांडणीत आहे. तिथे सेन्स डेटा थेट सुरू होत नाही. आधी दोन बाइटची सेन्स लांबी, मग सेन्स. मी ते दोन बाइट गाळले होते. त्यामुळे कर्नेलने सेन्सचे पहिले दोन बाइट, हेक्स ७० आणि ००, लांबी म्हणून वाचले. हेक्स ७००० म्हणजे २८,६७२. हातात १८ आणि सांगितलेले २८,६७२. त्याने नाकारले ते योग्यच.

दुरुस्ती: आधी ०० १२ हे हेक्स बाइट, मग १८ बाइट सेन्स, लांबीचा रकाना २०.

सेन्सची मांडणी पुन्हा शोधावी लागू नये म्हणून लिहून ठेवतो: बाइट ० मध्ये हेक्स ७०, बाइट २ मध्ये सेन्स की, बाइट ७ मध्ये उरलेली लांबी १०, बाइट १२ आणि १३ मध्ये कारण. चुकीच्या ऑपकोडला ०५ आणि २०/००, कमांडमधल्या चुकीच्या रकान्याला ०५ आणि २४/००, नसलेल्या लनला ०५ आणि २५/००. नव्या सेशनच्या पहिल्या कमांडला ०६ आणि २९/००, म्हणजे यंत्र नुकतेच सुरू झाले.

शोधायला वेळ लागला याचे एक कारण असे की रिस्पॉन्समध्ये 'रिस्पॉन्स' आणि 'स्टेटस' असे दोन रकाने शेजारी आहेत. बाइट २ हा आयस्कझीचा: कमांड टार्गेटपर्यंत पोचून पार पडली की नाही. बाइट ३ स्कझीचा: पार पडली तर निकाल काय. वाचन फसले तरी बाइट २ शून्यच राहतो, कारण टार्गेटने आपले काम पूर्ण केलेले असते. मी आधी तिथे ०१ टाकून पाहिले. त्याचा अर्थ टार्गेटच कोलमडला असा होतो, आणि त्या वाटेने सेन्सचा प्रश्न सुटणारच नव्हता.

२४ जानेवारी: तुकडे

आता मोठी वाचने. १ एमबी मागितले, ८१९२ची मर्यादा, म्हणजे १२८ डेटा-इन. प्रत्येकात बफर ऑफसेट बाइट ४० ते ४३ मध्ये, आणि डेटाएसएन, म्हणजे तुकड्याचा क्रमांक, बाइट ३६ ते ३९ मध्ये. डेटाएसएन प्रत्येक कमांडसाठी शून्यापासून.

जोडणी तुटली. लॉगमध्ये कनेक्शन एरर १००१. ओपन-आयस्कझीच्या यादीत हा डेटाएसएनचा घोटाळा.

कारण एफ बिट. मॅक्सबर्स्टलेंग्थ २,६२,१४४ ठरली होती. डेटा-इनची एक मालिका तेवढ्यापर्यंतच जाऊ शकते, आणि मालिकेच्या शेवटच्या पीडीयूवर एफ लागतो. १ एमबीत अशा चार मालिका. म्हणून एफ चार वेळा लागतो: डेटाएसएन ३१, ६३, ९५ आणि १२७ वर. माझ्या कोडने एफ लावला की डेटाएसएन पुन्हा शून्यावर आणला. एफ म्हणजे डेटा संपला असे मी धरले होते. एफने फक्त मालिका संपते. कमांडचा डेटाएसएन मालिकांच्या सीमा ओलांडून तसाच पुढे चालत राहतो.

मोठी मर्यादा ठेवली असती तर हा दोष चाचणीत आलाच नसता.

२५ जानेवारी: स्टॅटएसएन, ज्याबद्दल कोणी तक्रार केली नाही

या दिवसाची नोंद लांब आहे, कारण सर्वांत धोकादायक दोष हा होता: सगळे नीट चालत असताना चुकीचे.

स्टॅटएसएन हा निकालांचा क्रमांक. तो कनेक्शनचा असतो, कमांडचा नाही. जो पीडीयू निकाल घेऊन जातो तो एक क्रमांक खर्च करतो, इतर कोणी नाही. इनिशिएटर पुढच्या प्रत्येक पीडीयूमध्ये एक्सस्टॅटएसएन पाठवतो; याच्या आधीचे सगळे निकाल मला मिळाले, असा त्याचा अर्थ.

माझ्याकडे हेडर भरणारे एकच फंक्शन होते आणि ते प्रत्येक बाहेर जाणाऱ्या पीडीयूला स्टॅटएसएन देऊन एकने वाढवत होते. म्हणजे निकाल नसलेल्या १२८ डेटा-इननीही १२८ क्रमांक खाल्ले. माझ्या चाचण्यांत लिनक्सने चकार शब्द काढला नाही. डिस्क चालते, फाइलसिस्टिम बनते, फाइली जुळतात.

सापडले ते वेगळ्या मार्गाने. वायरशार्कने पकडलेला प्रवाह वाचून क्रम तपासणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली: निकाल वाहणारे पीडीयू काढ, स्टॅटएसएन एकापाठोपाठ आहेत का बघ. पहिल्याच धावेत १२८चे खड्डे. शून्य पातळीच्या एरर रिकव्हरीत हे खपून गेले. त्यावरच्या पातळीला असा खड्डा म्हणजे निकाल हरवला असा अर्थ होतो आणि इनिशिएटर तो पुन्हा मागू शकतो. कधीच नसलेला निकाल पुन्हा द्यायचा कुठून?

एकच फंक्शन मोडून वेगवेगळे केले. कोण क्रमांक खर्च करतो हे प्रत्येक पीडीयूसाठी आरएफसीतून उतरवले:

निकाल नसलेला डेटा-इन: स्टॅटएसएनचा रकाना राखीव, खर्च नाही. एस बिट असलेला डेटा-इन: खर्च. रिस्पॉन्स, लॉगिनचे उत्तर: खर्च. इनिशिएटरच्या नॉप-आउटला (जोडणी जिवंत आहे का, ही विचारणा) दिलेला नॉप-इन: खर्च. टार्गेटने आपणहून पाठवलेला नॉप-इन, ज्याचा टास्क टॅग सगळे एक-बिट: पुढचा क्रमांक दाखवायचा, पण वाढवायचा नाही. आरटूटी, म्हणजे आता लिहायचा डेटा पाठव हे सांगणारा पीडीयू: तसेच, दाखवायचा पण वाढवायचा नाही.

ओपन-आयस्कझी मुळात दर ५ सेकंदांनी नॉप-आउट पाठवतो, त्यामुळे नुसते स्वस्थ बसलेले कनेक्शनही स्टॅटएसएन पुढे नेते. लॉगमध्ये न समजणारी वाढ दिसली तर आधी हे पाहावे.

त्याच स्क्रिप्टने दुसरा दोष दाखवला. एकावेळी अनेक कमांड चालू असताना क्रमांक उलटसुलट जात होते: १०७, मग १०६. कमांड हाती घेतानाच मी तिला स्टॅटएसएन देत होतो, आणि छोटे वाचन मोठ्याच्या आधी संपत होते. क्रमांक पाठवण्याच्या क्षणीच द्यायचा, आणि देणे व सॉकेटवर लिहिणे एकाच लॉकच्या आत. लॉक नुसत्या मोजणीभोवती पुरत नाही. मोजणी आणि लिहिणे यांच्या मधल्या फटीतही दुसरा थ्रेड पुढे जातो.

एक्सकमांडएसएन आणि मॅक्सकमांडएसएन मात्र प्रत्येक उत्तरात भरायचे, निकाल असो वा नसो. इनिशिएटर किती कमांड पुढे पाठवू शकतो ते यावरून ठरते.

३१ जानेवारी: चाळीस मिलिसेकंद

वेग मोजला. डीडीने कॅश टाळून ४ केबीची वाचने, एकामागून एक. सेकंदाला पंचवीसच्या आसपास. पायथन सावकाश असतो, पण इतका नाही. प्रोफाइलर लावला, प्रोसेसर रिकामा बसलेला.

वायरशार्कच्या वेळेच्या रकान्यात स्पष्ट दिसते. डेटा-इन लगेच जातो. रिस्पॉन्स ४० मिलिसेकंदांनी. दर वेळी.

डेटा-इन ४१४४ बाइटचा, एका सेंडमध्ये. रिस्पॉन्स ४८ बाइटचा, दुसऱ्या सेंडमध्ये. आधीचा छोटा तुकडा पोचल्याची पावती येईपर्यंत नवा छोटा तुकडा रोखून धरायचा, हा नेगलचा नियम. समोरच्या लिनक्सला पाठवण्यासारखे काही नसते, तो निकालाचीच वाट पाहतोय, म्हणून तो पावती लांबवतो, ती किमान ४० मिलिसेकंद. दोन्ही बाजू एकमेकांसाठी थांबलेल्या. एका सेकंदात अशी पंचवीस थांबणी.

सॉकेटवर टीसीपी-नोडिले, म्हणजे नेगलचा नियम बंद करणारा पर्याय, लावला, थांबणे संपले. एस बिट वापरला असता तर वाचनात हा दोष दिसलाच नसता, कारण दुसरा छोटा तुकडा उरला नसता. पण डेटा गेल्यावर चूक झाली तर तिथे वेगळा रिस्पॉन्स जातोच, आणि तिथे तो लपून राहिला असता. म्हणून नोडिले आधी, एस बिट नंतर.

१ फेब्रुवारी: एस बिट

आता वाचनाचा निकाल शेवटच्या डेटा-इनवर. याला फेज कोलॅप्स म्हणतात. जुन्या समांतर स्कझी बसवर डेटा आणि स्टेटस हे दोन वेगळे टप्पे होते, ते इथे एकात मिटतात.

बाइट १: एफ हेक्स ८०, एस हेक्स ०१, म्हणून साध्या यशस्वी वाचनाला हेक्स ८१. उत्तर कमी पडले तर यूसकट हेक्स ८३. एस असेल तर एफ हवाच. बाइट ३ मध्ये स्टेटस, २४ ते २७ मध्ये स्टॅटएसएन, ४४ ते ४७ मध्ये रेसिड्युअल. एस नसेल तर या तीनही रकान्यांना अर्थ नाही. म्हणजे त्याच हेडरमधल्या त्याच जागा एका बिटावर जिवंत होतात. गेल्या आठवड्यात फंक्शने वेगळी केली नसती तर इथे पुन्हा गुंता झाला असता.

बाइटांची बचत थोडी आहे: ४ केबीच्या वाचनात ४१९२ ऐवजी ४१४४, एक टक्क्याच्या आसपास. फायदा होतो तो दोन्ही बाजूंना एक पीडीयू कमी हाताळावा लागल्याने, आणि तो छोट्या वाचनांत जास्त जाणवतो. १ एमबीच्या वाचनात १२९ ऐवजी १२८, तिथे काही फरक दिसला नाही. टीसीपीवरच्या एनव्हीएमई या डिस्कसाठीच्या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्येही हीच युक्ती आहे: शेवटच्या डेटा पीडीयूवर सक्सेस बिट असला की वेगळे पूर्णतेचे उत्तर जात नाही. तिथे रचना आणखी कडक आहे, कारण त्या बिटातून यशाखेरीज काही सांगताच येत नाही. मला ती जास्त आवडली. आयस्कझीच्या डेटा-इनमध्ये स्टेटसचा पूर्ण बाइट आहे, आणि तो मोह पाडतो.

७ फेब्रुवारी: वाचता वाचता चूक

तो मोह असा. इमेज फाइलमध्ये एक 'खराब' पट्टा ठरवला: तिथले वाचन मीडियम एरर द्यावे, सेन्स की ०३, कारण ११/००. ३२ केबीचे वाचन, २० केबीवर खराब पट्टा.

कोडने चांगला डेटा पाठवला आणि शेवटच्या डेटा-इनवर एस बिट लावून स्टेटस ०२, चेक कंडिशन, टाकला. बाइट आहे, बसतो, पीडीयू नीट दिसतो. पण सेन्स कुठे ठेवणार? डेटा सेगमेंटमध्ये तर वाचलेला डेटा आहे. निकाल पोचला आणि कारण हरवले. लिनक्सने मग रिक्वेस्ट सेन्स कमांडने कारण विचारले. मी ती लिहिलेलीच नव्हती, कारण आयस्कझीत सेन्स निकालाबरोबरच जातो. पुढे त्याची एरर हँडलिंगची पूर्ण साखळी सुरू झाली आणि डिस्क बराच वेळ अडकली.

आरएफसीचा नियम स्पष्ट आहे: कमांड चुकीने संपली तर निकाल आणि सेन्स स्कझी रिस्पॉन्समधूनच, डेटा-इनमधून नाही. दोन्ही दिशांना डेटा नेणाऱ्या कमांडलाही वेगळा रिस्पॉन्सच लागतो. आणि वाचन यशस्वी पण पाठवायला एकही बाइट नाही, तर मीही रिस्पॉन्सच पाठवतो. रिकामा डेटा-इन रचण्यात अर्थ नाही.

आता क्रम असा जातो. दोन डेटा-इन ८१९२चे, तिसरा ४०९६चा, एकातही एस नाही. मग रिस्पॉन्स: बाइट २ शून्य, बाइट ३ मध्ये ०२, यू बिट, रेसिड्युअल १२,२८८, एक्सडेटाएसएन ३, डेटा सेगमेंटमध्ये दोन बाइट लांबी आणि १८ बाइट सेन्स. एक्सडेटाएसएनवरून इनिशिएटर ताडून पाहू शकतो की तीनही तुकडे हाती आले.

यातून कोडची रचना बदलली. आधी मी 'हा शेवटचा तुकडा, एस लाव' असे पाठवतानाच ठरवत होतो. पण शेवटचा तुकडा डिस्कवरून वाचून झाल्याशिवाय निकाल माहीत नसतो. आता एक तुकडा नेहमी हातात राखून ठेवतो: पुढचा वाचून झाला, चूक नाही, मगच आधीचा सोडायचा. शेवटचा तुकडा वाचून झाला आणि तोही चांगला निघाला, तरच त्यावर एस. एका तुकड्याएवढी स्मृती जास्त लागते, बाकी काही नाही.

८ फेब्रुवारी: लिहिणे

लवकर झाले. लिहिण्यात डेटा समोरून येतो, टार्गेट आरटूटी पाठवून मागतो, आणि शेवटी ४८ बाइटचा रिस्पॉन्स. एस बिटाचा प्रश्नच नाही. आरटूटीत स्टॅटएसएन दाखवायचा पण वाढवायचा नाही, हे २५ जानेवारीच्या यादीतून थेट उचलले आणि तपासणी स्क्रिप्ट पहिल्याच वेळी स्वच्छ गेली.

१४ फेब्रुवारी: डायजेस्ट

सीआरसी३२सी डायजेस्ट, म्हणजे वाटेत बाइट बिघडले का ते ओळखणारी तपासखूण, लावला, हेडरला आणि डेटाला. लॉगिन झाल्याबरोबर जोडणी तुटली.

गणित बरोबर होते: '१२३४५६७८९' या नऊ आस्की अंकांचा सीआरसी३२सी हेक्स ई३०६९२८३ यायला हवा आणि आला. अडचण बाइटांच्या क्रमाची. आयस्कझीत बाकी सगळे आकडे मोठा बाइट आधी असे जातात, म्हणून मी डायजेस्टही तसाच पाठवला. आरएफसीच्या उदाहरणात ३२ शून्य बाइटांचा डायजेस्ट वायरवर एए ३६ ९१ ८ए असा आहे, म्हणजे नेहमीच्या गणनेतला ८ए९१३६एए उलटा. क्रम बदलला आणि चालले. डेटाचा डायजेस्ट भरावाच्या बाइटांसकट काढायचा, हेही तिथेच तपासले.

एस बिट असलेल्या डेटा-इनमध्ये निकाल हेडरमध्ये आणि वाचलेला डेटा त्याच्या सेगमेंटमध्ये, म्हणून दोन वेगळे डायजेस्ट दोघांना राखतात. हेडर शाबूत आणि डेटा खराब असा पीडीयू आला तर इनिशिएटरच्या हाती 'यशस्वी' असा निकाल असतो पण डेटा नसतो. अशा वेळी निकालावर विसंबायचे नाही. माझ्या चाचणीच्या इनिशिएटरमध्ये हेडर तपासला की लगेच कमांड पूर्ण धरली जात होती. ते पुढे ढकलून डेटाच्या डायजेस्टनंतर आणले.

१५ फेब्रुवारी: सध्याची स्थिती

एरर रिकव्हरी पातळी ०, एक कनेक्शन, एक लन. एक्स्ट४ फाइलसिस्टिम बनवली, मोठ्या फाइली लिहिल्या, पुन्हा जोडून चेकसम ताडले, जुळले. पकडलेल्या प्रवाहावर स्क्रिप्ट चार गोष्टी तपासते: स्टॅटएसएन सलग, डेटाएसएन कमांडपुरता सलग, एस असेल तिथे एफ, आणि चेक कंडिशन फक्त रिस्पॉन्समध्ये. कोडमध्ये काहीही बदलले की आधी ही धावते, मग डिस्क जोडतो.

राहिलेले काम पातळी १चे: ए बिट लावून डेटा-इनची पावती मागणे आणि हरवलेले तुकडे पुन्हा देणे. त्यासाठी पाठवलेले निकाल एक्सस्टॅटएसएन पुढे सरकेपर्यंत जपून ठेवावे लागतील. ती रांग लिहायला घेतली आहे.